विश्लेषण : दोन फुटी रुळांवर ६० टनांचे इंजिन कसे धावले?

वेल्समधील कर्नार्वन-पोर्थमॅडोग मार्गावर पर्यटकांच्या गाड्या ओढणारी ‘एनजीजी १६’ वर्गाची वाफेची इंजिने मुळात बांधली गेली दक्षिण आफ्रिकेसाठी. तेही पर्यटनासाठी नव्हे, तर फळे, ऊस आणि लाकूड वाहण्यासाठी.

अडचण काय होती?

दक्षिण आफ्रिकेतील मुख्य रेल्वेमार्ग साडेतीन फुटी. डोंगराळ, विरळ वस्तीच्या भागांत तेवढाही खर्च परवडेना, म्हणून दोन फुटी फाटे टाकले गेले. आपल्या नेरळ-माथेरानची रुंदीही हीच; पण पोर्ट एलिझाबेथहून (आताचे गेबेर्हा) आव्होंतूरला जाणारा फाटा तब्बल २८५ किलोमीटरचा! रूळ हलके, वळणे तीव्र, चढ दमवणारे. जड इंजिन रुळांना पेलत नाही, लांब इंजिन वळणाला जुमानत नाही आणि लहान इंजिनाला माल ओढवत नाही. दोन इंजिने जोडली, तर ड्रायव्हर-फायरमनच्याही दोन जोड्या पोसाव्या लागतात.

गॅरट यांची युक्ती कोणती?

ब्रिटिश अभियंते हर्बर्ट विल्यम गॅरट यांनी इंजिनाचे तीन भाग केले. दोन्ही टोकांना चाके आणि सिलिंडर असलेला एकेक स्वतंत्र गाडा. मध्ये, फिरत्या सांध्यांवर टेकवलेला बॉयलर व केबिन. वळणावर दोन्ही गाडे आपापले वळतात. चर्चा याचीच जास्त होते, पण खरी चलाखी वेगळी आहे. बॉयलरखाली चाकेच नसल्याने भट्टी हवी तेवढी रुंद आणि खोल करता येते. म्हणजे वाफ भरपूर, आणि चालवायला माणसांची एकच जोडी. ‘एनजीजी १६’चे वजन सुमारे ६० टन; पण ते दहा ॲक्सलवर विभागलेले, त्यामुळे एकेका ॲक्सलवरचा भार जेमतेम ७ टनांच्या घरात.

दोष नव्हते असे नाही. पाणी आणि कोळसा गाड्यांवरच लादलेला. तो संपत आला की वजन घटते आणि चढावर चाके घसरू लागतात. वाफेच्या हलत्या नळ्यांचे सांधेही सतत सांभाळावे लागत.

मग ती गेली कुठे?

मँचेस्टरच्या बेयर-पीकॉक कारखान्यातून पहिली गॅरट इंजिने १९०९ मध्ये टास्मानियासाठी बाहेर पडली. १९११ मध्ये एक दार्जिलिंगलाही आले. दक्षिण आफ्रिकेत ती १९१९ पासून धावू लागली; ‘एनजीजी १६’ आले १९३७ मध्ये, बेल्जियमहून. पुढे १९७३ मध्ये आव्होंतूर मार्गावर डिझेल इंजिने आली आणि गॅरट नाताळ प्रांतातील फाट्यांवर सरकली. तिथे ट्रकने माल पळवला. १९८० च्या दशकात फाटे बंद पडू लागले.

बेयर-पीकॉकने १९५८ मध्ये बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन, क्रमांक १४३, हेही याच वर्गातले. तेही आता वेल्समध्येच आहे.