वॉरंटी संपली, आता फोनचं काय करायचं?

आजचा विषय आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईल बिघडला, बिल शोधून काढलं, आणि बघतो तर वॉरंटी दोन महिन्यांपूर्वीच संपलेली. मग काउंटरवरचा माणूस म्हणतो, "साहेब, आता काही होत नाही." खरंच काही होत नाही का, हे आज आपण बघणार आहोत.

भारतात मोबाईलवरून पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. तेव्हा फोन ही चैन होती. आज तसं राहिलेलं नाही. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचं ऊसबिल खात्यावर आलं की मेसेज फोनवर. आधारचा ओटीपी फोनवर. ई-पीक पाहणी फोनवरच करायची. पोरांचे प्रवेशअर्ज फोनवर. फोन बंद पडला की घरातली निम्मी कामं अडतात. त्यामुळे माणूस घाबरतो, घाईत निर्णय घेतो, आणि घाईतच पैसे जातात.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. तात्यांचा फोन, तेरा हजारांचा. दहाव्या महिन्यात तो तापायला लागला, आपोआप बंद-चालू व्हायला लागला. आम्ही सर्व्हिस सेंटरला नेला. त्यांनी सॉफ्टवेअर टाकून परत दिला. आम्ही जॉबशीट मागितली नाही, घेऊन आलो. चौदाव्या महिन्यात फोन पूर्ण डेड. मदरबोर्ड बदलावा लागेल, खर्च नऊ हजार दोनशे, वॉरंटी संपली आहे, असं उत्तर मिळालं. पुढे काय झालं ते ओघात येईलच. या एका फोनने आम्हाला जे शिकवलं, तेच आज तुमच्यापुढे ठेवतोय.

पहिला प्रश्न: फोन वाचवायचा की फोनमधलं?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. आम्ही तो शेवटी विचारला. तात्यांच्या फोनमध्ये आमच्या आजीचे फोटो होते. तुकोबारायांची पालखी सणसरला मुक्कामाला असते, तेव्हा आजी दारात बसून वारकऱ्यांना भाकरी वाढतेय, असे ते फोटो. पुढच्या आषाढीला आजी नव्हती. आणि त्या फोटोंची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आता तांत्रिक बाजू समजून घ्या. फोनची साठवण, म्हणजे फोटो, नंबर, सगळं, ही मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असते. मेमरी कार्ड वेगळं, ते काढता येतं. पण आतली चिप बोर्डालाच बसवलेली असते. बोर्ड बदलला की ती चिपही गेली. आताच्या फोनमध्ये आतली माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद असते, म्हणून नुसती चिप काढून दुसऱ्या बोर्डावर लावली तरी सहसा काही वाचता येत नाही. माहिती हवी असेल तर जुनाच बोर्ड तात्पुरता का होईना, जिवंत करावा लागतो. हे काम सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा होत नाही. ते बोर्डाच्या बारीक कामात मुरलेला स्वतंत्र कारागीर करतो, सूक्ष्मदर्शकाखाली शॉर्टिंग शोधून.

म्हणून क्रम असा ठेवा. आत काही मोलाचं आहे का? असेल तर आधी त्याचं बघा, बोर्ड बदलायला हो नंतर म्हणा. नुसता टच गेला असेल आणि पडद्यावर दिसत असेल, तर अनेक फोनला ओटीजी जोडणीने साधा कॉम्प्युटरचा माऊस लागतो. बाण फिरवून कुलूप उघडा आणि फोटो उतरवून घ्या. सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी अडत नाहीत.

दुकानात जाण्याआधी

निम्मे बिघाड बिघाड नसतातच. चार्ज होत नाही? आधी दुसरी केबल, दुसरा चार्जर, दुसरा प्लग लावून बघा. आपल्याकडे फोन वरच्या खिशात, शेतातली धूळ, घाम. चार्जिंगच्या तोंडात कापसासारखा मळ दाबून बसतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, पिन किंवा सुई घालू नका. फोन हळू झालाय? साठवण गच्च भरली आहे का बघा. सारखा बंद-चालू होतो? सेफ मोडमध्ये चालू करून बघा. तिथे नीट चाललं तर दोष बहुतेक एखाद्या ॲपचा, फोनचा नाही.

पाण्यात पडला तर लगेच बंद करा आणि चार्जिंगला अजिबात लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवून आतला गंज थांबत नाही, उलट पीठ आणि कण आत जातात. लवकरात लवकर उघडून साफ करून घेणं हाच उपाय. आणि सर्व्हिस सेंटरला खोटं सांगू नका. आत एक पांढरी चिकटपट्टी असते, ती पाणी लागलं की लाल होते. पहिलं ते हेच बघतात.

बॅटरीचं वेगळं. लिथियमची बॅटरी झिजणारच. साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, असा बऱ्याच फोनचा हिशोब असतो. काही नव्या फोनमध्ये आकडा जास्त आहे. ट्रॅक्टरच्या बोनेटवर उन्हात फोन ठेवला तर झीज लवकर होते. पण मागचं झाकण उचललं गेलं असेल, बॅटरी फुगली असेल, तर वापर तिथेच थांबवा. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका.

वॉरंटी संपली म्हणजे नेमकं काय संपलं?

वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतःहून दिलेला शब्द: इतक्या काळात बिघडला तर फुकट करून देऊ. तो शब्द संपला. कायदा संपला नाही. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये, देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. आज त्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे, २० जुलै २०२० पासून लागू. या कायद्यात वस्तूतला 'दोष' आणि सेवेतली 'त्रुटी' या दोन्हींवर दाद मागता येते, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. वॉरंटीचं एक वर्ष वेगळं, ही दोन वर्षं वेगळी.

मात्र नीट ऐका. फोन पडून काच फुटली, पाण्यात गेला, बॅटरी वापराने झिजली, तर कंपनी जबाबदार नाही. तिथे कायद्याचं नाव घेऊन भांडू नका. जिथे मूळ बनावटीतच खोट आहे, तिथे आपली बाजू उभी राहते. पण ती खोट होती हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते.

तीन प्रसंगांत आपली बाजू भक्कम असते. पहिला: तक्रार वॉरंटीत असतानाच केली होती, दुरुस्ती नीट झाली नाही, आणि तोच दोष वॉरंटीनंतर पुन्हा आला. दुसरा: तोच दोष त्या मॉडेलच्या अनेक फोनमध्ये आहे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला आणि त्या मोफत बदलून देऊ केल्या. तेव्हा बॅटरीवरचा क्रमांक बघितला जायचा. अलीकडे पडद्यावर हिरवी रेघ येण्याच्या तक्रारी वाढल्यावर काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलना वॉरंटीनंतरही पडदा मोफत बदलून दिला. म्हणून आपल्या मॉडेलबद्दल कंपनीची अशी काही योजना आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. तिसरा: पैसे घेऊन केलेली दुरुस्तीच बिघडली. दुरुस्ती ही सेवा आहे, तिच्यात त्रुटी राहिली तर फोन किती जुना आहे याने फरक पडत नाही.

सर्व्हिस सेंटर की बाजारातलं दुकान?

दोन्हीकडे चांगली माणसं आहेत, दोन्हीकडे फसवणूकही होते. सर्व्हिस सेंटरला अस्सल सुटा भाग मिळतो, पण ते बहुधा पूर्ण बोर्ड बदलायला सांगतात. बाजारातला कारागीर शंभर-दोनशेचा जॅक किंवा एखादी चिप बदलून काम भागवतो, पण डिस्प्लेचा कॉम्बो अस्सल की नकली, हे डोळ्यांनी कळत नाही. दोन ठिकाणी विचारा. दुरुस्तीचा खर्च तसाच वापरलेला फोन ज्या किमतीला मिळतो त्याच्या निम्म्याहून जास्त जात असेल, तर थांबून विचार करा. कंपनी त्या फोनला सुरक्षेचे अपडेट देते का, हेही बघा. देत नसेल तर बँकेच्या व्यवहारासाठी त्या फोनवर जास्त खर्च करण्यात अर्थ नाही.

कुठेही द्या, कागद घ्या. जॉबशीटवर तारीख, आयएमईआय नंबर, तुम्ही सांगितलेला दोष तुमच्याच शब्दांत, ठरलेला खर्च, आणि बदललेल्या भागाची वेगळी वॉरंटी लिहून घ्या. आयएमईआय म्हणजे फोनचा पंधरा अंकी ओळखक्रमांक, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की दिसतो. बिल द्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानातल्या यंत्राचं बिल काही महिन्यांत पुसट होतं, त्याचा त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, तोही दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये.

आमच्याकडे जॉबशीट नव्हती. पण फोन द्यायला आमचा धाकटा भाऊ गेला होता आणि त्याने स्वतःचा नंबर दिला होता. त्याच्या फोनमध्ये दहाव्या महिन्यातला एक मेसेज सापडला: "तुमचा फोन दुरुस्तीसाठी स्वीकारला," तारखेसकट, जॉब नंबरसकट. त्या एका मेसेजवर सगळं फिरलं.

तक्रार कशी करायची

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल करा. शिव्याशाप नकोत. कधी घेतला, दोष पहिल्यांदा कधी दिसला, कुणाला दाखवला, काय मागणी आहे, इतकंच लिहा. ऑनलाइन घेतला असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्या विक्री-संकेतस्थळाने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. उत्तर आलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती कंपनीशी बोलते. पण पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तो पुण्यात, म्हणजे इथून शंभर किलोमीटरच्या वर. पण आता तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावायलाच पाहिजे असं नाही. पूर्वी विक्रेता किंवा कंपनी जिथे, किंवा तक्रारीचं कारण जिथे घडलं, तिथेच जावं लागायचं. आता आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सुनावणी व्हिडिओवर घ्यावी, असा अर्जही देता येतो. दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. वेळ लागतो, हे लपवत नाही. दहा हजारांच्या फोनसाठी कितीदा सुट्टी टाकायची, हा हिशोब ज्याचा त्याने करायचा.

दुरुस्तीच नको असेल तर

विकताना फोनमधून आपलं खातं काढा आणि मगच सगळं पुसा. वापरलेला फोन घेताना केवायएम, जागा सोडून आयएमईआय नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा, म्हणजे तो फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. आणि मेलेला फोन कालव्यात, उकिरड्यावर किंवा पाचटात टाकू नका. पाचट पेटलं की लिथियमची बॅटरी फुटते. ई-कचऱ्याच्या नियमांत उत्पादकांवर जबाबदारी टाकलेली आहे. कंपनीच्या सेंटरला किंवा नोंदणीकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याला द्या.

आता तात्यांच्या फोनचं. आम्ही मेसेजची प्रत जोडून ई-मेल केला, मग १९१५ ला तक्रार केली. तीन आठवड्यांनी कंपनीने बोर्ड मोफत बदलून दिला. आम्ही खूश. जुना बोर्ड नियमाप्रमाणे त्यांनी ठेवून घेतला. घरी येऊन तात्यांनी गॅलरी उघडली, ती रिकामी. जुना बोर्ड आधी कुणा कारागिराला दाखवला असता तर कदाचित फोटो निघाले असते, कदाचित नसते. विचारायचंच राहून गेलं. नऊ हजार वाचले ते सगळ्यांना सांगितलं. आजीचे फोटो गेले, ते सांगायला वर्ष लागलं.

तर मंडळी, आज घरी गेलात की एवढं एक काम करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा फोन घ्या आणि त्यातले फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा. फोन चालू आहे तोवरच हे जमतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.