करंड्याचे झाकण

आपल्या घरात डब्या किती आहेत हे कधी मोजून पाहिले आहे काय? आजोबांची तपकिरीची, आजीची चुन्याची, देव्हाऱ्यातली अष्टगंधाची, आईच्या फणेरपेटीतला कुंकवाचा करंडा, शिवाय सुयांची आणि बटणांची. डबी बिघडली असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा बिघडलेले असते ते झाकण. एक तर ते सैल होऊन आपण होऊन पडते, नाही तर असे घट्ट बसते की सुरीचे टोक घालून उपसावे लागते. डबीच्या पोटाबद्दल कुणाची तक्रार नसते. सारा झगडा झाकणाशी!

मी ३० वर्षे कारखान्यात लेथवर लोखंड कातले. निवृत्त झाल्यावर घराच्या गॅलरीत लाकडाचा लहानसा लेथ बसवला आणि करंडे करू लागलो. शेजाऱ्यांना वाटले, म्हाताऱ्याला लेथचा आवाज ऐकल्याशिवाय चैन पडत नसावे. त्यात थोडे तथ्य आहेच. परंतु खरे कारण असे की, लोखंडाने मला जे कधी शिकवले नाही ते लाकूड रोज शिकवते. कारखान्यात आम्ही मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप धरीत असू आणि एकदा धरलेले माप वर्षभर तेच राही. लोखंडाला श्रावण आणि वैशाख यांतला भेद ठाऊक नसतो. लाकडाला तो ठाऊक असतो.

ही विद्या फार जुनी. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याच्या थडग्यात, इ. स. पूर्व सुमारे ३०० मधील एक कोरीव चित्र आहे. एक माणूस दोरी ओढून लाकूड फिरवतो आहे आणि दुसरा त्याला हत्यार लावतो आहे. विजेची मोटर सोडली तर माझ्या गॅलरीत याहून निराळे काही घडत नाही. करंडा तर आपल्या मातीतला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याजवळचा स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे त्या सोन्याच्या करंडकात होते. आज आपण रणजी करंडक म्हणतो, पुरुषोत्तम करंडक म्हणतो, तो शब्द हाच. जे जपायचे ते ठेवण्याची जागा म्हणजे करंडक.

आता कृतीकडे वळू. प्रथम ठोकळा असा निवडायचा की लाकडाचे रेषे करंड्याच्या उंचीच्या दिशेने उभे जातील. याला कारण आहे. लाकूड वाळते तेव्हा लांबीत ते जवळजवळ आटतच नाही, रुंदीत मात्र आटते. आणि तेही सगळीकडून सारखे नव्हे. खोडातील वर्तुळांच्या कडेकडेने होणारी घट, गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या घटीच्या साधारण दुप्पट असते. म्हणून आज अगदी गोल कातलेला करंडा काही महिन्यांनी किंचित लंबगोल होतो. मग झाकण बसायचे कसे? उपाय असा की, झाकण आणि भांडे एकाच ठोकळ्यातून, एकाखाली एक असे काढायचे. दोघेही एकाच दिशेला लंबगोल होतात आणि रेषा जुळवून ठेवले की पुन्हा बसतात. एकात एक बसणाऱ्या रशियन मात्र्योश्का बाहुल्या आपण पाहिल्या असतील. एका बाहुलीचे खालचे आणि वरचे अर्ध एकाच लाकडातून काढण्याची चाल तिथेही आहे.

ठोकळा लेथवर गोल करावा. दोन्ही टोकांना चकमध्ये धरण्यापुरता खुंट ठेवावा. मग बारीक पटाशीने झाकण वेगळे कापावे. ही पटाशी जितकी पातळ तितके चांगले, कारण तिच्या रुंदीइतके लाकूड भुशात जाते आणि झाकण-भांड्यांमधील रेषांचा मेळ तेवढ्याने तुटतो. यानंतर दोन्ही तुकडे आतून जाडेभरडे कोरून काही आठवडे नुसते ठेवून द्यावेत. नवशिक्याला हेच जमत नाही! कोरल्याबरोबर लाकडातला ताण सुटतो, ते हलते. त्याला काय हलायचे ते हलू द्यावे.

मग आधी झाकण पुरे करायचे. त्याचा आतला काठ सरळ हवा, वर निमुळता नको. त्या मापाने भांड्याचा गळा कातायचा. झाकण घट्ट बसले की ते गळ्यावर बसवूनच बाहेरचा आकार दोघांचा मिळून एकदम काढावा, म्हणजे वरून खाली ओघळणारी रेषा कुठे अडखळत नाही. सांधा लपवू पाहिला तर तो हमखास डोकावतो. त्यापेक्षा तिथेच एक बारीक खाच घ्यावी. मग लाकूड थोडे हलले तरी ते नजरेत येत नाही. झाकणाला उंचीचा एक भाग आणि भांड्याला दोन भाग, ही वाटणी बहुधा डोळ्याला सुखावते. शेवटी गळा पुन्हा किंचित घासून हवा तितका सैल करायचा. कातताना बाह्या घट्ट असाव्यात, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडके असावे. शिसवाचा भुसा काहींच्या छातीला सोसत नाही.

रंगाची हौस असेल तर लाख आहे. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर किडे ती तयार करतात. कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर काळ्या कुड्याचे पांढरेशुभ्र लाकूड कातून, ते फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि केवड्याच्या पानाने घासली की आरशासारखी चमकते. आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीत रंगीत लाकडी फळे आणि खेळणी पाहत उभे राहिले तर वेळेचे भान राहत नाही. मला स्वतःला फणस उघडाच आवडतो. नवा असताना तो हळदीसारखा पिवळा असतो आणि उजेडात राहून हळूहळू मधासारखा तांबूस होतो.

आता झाकण किती घट्ट असावे? पुस्तके सांगतात की उघडताना हलकासा 'फट्' असा आवाज यावा. हौशी मंडळी या आवाजावर खूष असतात. माझे उत्तर मला आत्याने शिकवले.

आत्या राहते रत्नागिरीकडे, वय ८६. बाविसाव्या वर्षी तिचे कुंकू पुसले गेले. तिच्या लग्नातली फणेरपेटी त्याच आठवड्यात माळ्यावर गेली आणि आतला करंडा कुणा नव्या नवरीला दिला गेला. हे मी लहानपणापासून ऐकत आलो. तिच्या तोंडून मात्र कधीच नाही. चार वर्षांपूर्वी मी उन्हाळ्यात गेलो असताना तिने मला पडवीत गाठले.

"अरे, तू म्हणे करंडे करतोस?"

"करतो. तुला हवा का एखादा?"

"हवा. पण मला उघडता आला पाहिजे." असे म्हणून तिने हात पुढे केले. संधिवाताने बोटे वाकून गेली होती.

वहिनी दारातून म्हणाल्या, "आत्याबाई, आता कशाला करंडा?"

"करंडा तो करंडा. आत काय ठेवायचं ते मी बघीन."

मी तिला एक डबी उघडायला सांगून तिचे हात पाहत बसलो. चिमटीत धरणे तिला जमत नव्हते; तळहाताच्या कडेने वर ढकलणे जमत होते. म्हणून झाकणाला बोंडी ठेवली नाही. झाकण भांड्याच्या बाहेर अळंबीसारखे ५ मिलिमीटर काढले, म्हणजे कुठूनही हात लागला तरी ते उचलले जावे. बूड जाड आणि जड ठेवले, म्हणजे झाकणाबरोबर भांडे उठू नये. गळा वर निमुळता केला, म्हणजे झाकण नुसते सोडले तरी आपल्या जागी जावे. लाकूड होते पाडलेल्या जुन्या पडवीच्या फणसाच्या खांबाचे, कैक पावसाळे पाहिलेले. तरीही पुण्याच्या कोरड्या हवेत कातलेला ९ सेंटिमीटरचा करंडा कोकणच्या आषाढात मिलिमीटरभर फुगणे अशक्य नव्हे. तेवढी जागा गळ्याला सोडली. 'फट्' असा आवाज त्यातून निघणार नव्हता आणि नकोच होता.

त्या पावसाळ्यात मी तो नेऊन दिला. तिने मांडीवर घेतला, हाताची कड लावून उघडला, मिटला, पुन्हा उघडला. चांगला आहे की नाही ते काही बोलली नाही. रात्री तो तिच्या उशाशी होता. आत काय ठेवले ते मी विचारले नाही. वहिनींनीही विचारले नाही.

तेव्हापासून मी कुणाचीही मागणी आली की आधी माप घेतो ते हाताचे. औषधाच्या गोळ्यांसाठी एक करंडा हवा असेल तर तो एका हाताने उघडावा लागतो, कारण दुसऱ्या हातात पाण्याचे भांडे असते. सुयांच्या डबीचे झाकण घट्टच हवे. घरात रांगते मूल असेल तर आट्यांचे हवे, आणि त्याला शिसवासारखे कठीण, घट्ट रेषांचे लाकूड लागते. लेखणीची टाके ठेवायची डबी उभट, अंगठ्यांची बसकी.

ज्यांना हा नाद लावून घ्यायचा असेल त्यांनी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, सुतारदादांकडून शिसवाचा किंवा फणसाचा जुना टाकाऊ तुकडा मागून आणावा. सागवान सोपा वाटतो, पण त्यातली बारीक रेती हत्याराची धार खाते. पहिला करंडा ६ सेंटिमीटर रुंद पुरे. मात्र लाकडाला हत्यार लावण्याआधी, तो ज्याच्यासाठी करायचा त्या माणसापुढे घरातली एखादी जुनी डबी ठेवा आणि त्याला ती उघडायला सांगा. त्याची बोटे कुठे पडतात ते नीट पाहा. नक्षी मागाहून सुचेल.