१४२८५७ : एका संख्येचे अंतरंग

गणितातील संशोधन हे केवळ विद्यापीठांतून होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा ठरविला श्री. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक होते. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्याच साधनांवर त्यांनी संख्यांचे गुणधर्म शोधून काढले. १४२८५७ या संख्येच्या आधारे त्यांच्या कार्याची ओळख करून घेता येईल.

१ ला ७ ने भागले असता दशांशचिन्हापुढे १४२८५७ हे सहा अंक पुनःपुन्हा येतात. या संख्येस २ ने गुणल्यास २८५७१४, तर ३ ने गुणल्यास ४२८५७१ मिळतात. ६ पर्यंत कोणत्याही अंकाने गुणले तरी तेच अंक चक्राकार फिरतात. ७ ने गुणताच ९९९९९९ येतात. याचे कारण साधे आहे. ७ ने भागताना १ ते ६ एवढ्याच बाक्या उरू शकतात आणि येथे त्या सर्व १, ३, २, ६, ४, ५ या क्रमाने येतात. म्हणून दोन सप्तमांश, तीन सप्तमांश इत्यादी अपूर्णांकांत अंकांचे चक्र तेच राहते; आरंभ तेवढा बदलतो.

ज्या संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ असे नाव दिले. प्रस्तुत संख्येच्या अंकांची बेरीज २७ असून २७ × ५२९१ = १४२८५७ होय.

तिचा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केल्यास मूळ संख्याच परत मिळते. अशा संख्यांना आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ हे त्याचे लहान उदाहरण : वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. हा योगायोग नव्हे. १४२८५७ मधून १ वजा केल्यास १४२८५६, म्हणजेच ७ × २०४०८ उरतात; आणि १४२८५७ × ७ = ९९९९९९. म्हणून वर्ग हा ९९९९९९ ची २०४०८ पट अधिक मूळ संख्या एवढा होतो. ९९९९९९ ऐवजी दहा लाखांची २०४०८ पट घेतली, तर २०४०८ जास्त धरले जातात. ते मूळ संख्येतून वजा करताच १२२४४९ उरतात.

कापरेकरांच्या कार्याची हयातीत आपल्याकडे फारशी कदर झाली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वेधले. १९८६ साली ते निवर्तले.

बीड जिल्ह्यातील आष्टीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात प्रयोगशाळेची साधने अपुरी असू शकतील. परंतु वरील प्रत्येक विधान तेथील विद्यार्थी पाटीवर पडताळून पाहू शकतो. ‘असे का होते?’ हा त्याचा प्रश्न शिक्षकाने आस्थेने ऐकला, तर देवळालीत जे घडले ते आष्टीतही घडू शकेल.