नव्वद नंबर

सकाळी ८.०५
नारायणगावात, जुन्या पुणे-नाशिक रस्त्याला लागून पत्र्याची एक शेड. गाडी वर उचलायची लिफ्ट नाही. खाली उतरून काम करायचा खड्डाही नाही. जमीन मुरमाची, पण इतक्या वर्षांचं ऑइल पिऊन काळी आणि घट्ट झालेली. मिस्त्री कॉम्प्रेसरला उदबत्ती ओवाळतात आणि ती व्हाइसच्या फटीत खोचून ठेवतात. हेल्पर आयटीआय केलेला, विशीतला. रोज साडेचारशे, आठवड्याची सुट्टी गुरुवारी. तो पन्हाळीखालची बादली ओतून देतो. जुलै आहे, रात्रभर धार लागली होती.

सकाळी ८.४०
पांढरी पिकअप येते. या भागात पिकअप म्हटलं की कंपनीचं नाव सांगावं लागत नाही. हौद्यात रिकामे क्रेट, कोपऱ्यात दोन-चार फुटके टोमॅटो. गाडी रात्री वाशीच्या मार्केटला गेली होती, पहाटे माल उतरवून तशीच परत. चालवणाराच मालक. डोळे लाल.

"मिस्त्री, मागून हूं करती."
"कितीच्या स्पीडला?"
"पन्नासच्या पुढं."
"ॲक्सिलेटर सोडल्यावर?"
"आवाज बदलतो."
"पाण्यातून काढली का?"
तो जरा थांबतो. "फरशी पुलावर होतं थोडं. परवा."
"थोडं म्हणजे?"

तो मागच्या चाकाजवळ जाऊन हात लावून दाखवतो. हात चाकाच्या मध्यावर आहे. मिस्त्री पुढे काही विचारत नाहीत. संध्याकाळी पाचला खोडदच्या मळ्यात टोमॅटो भरायचे आहेत, एवढं सांगून गाडीवाला केबिनमध्ये आडवा होतो. पाच मिनिटांत घोरायला लागतो.

सकाळी ९.१०
मागच्या एक्सलच्या मधोमध जो गोळा दिसतो, त्याला इथे सगळे डिफ्रन्सल म्हणतात. इंजिनाची ताकद लांब दांड्यातून मागे येते आणि या गोळ्यात काटकोनात वळून दोन्ही चाकांना मिळते. वळणावर बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी. तो हिशेबही आतच होतो. लहान दात्यांचा पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतो, पण तो क्राउनच्या बरोबर मध्यावर बसत नाही, थोडा खाली बसतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. आणि हे सगळं वरच्या वजनासकट. त्या दोन दातांच्या मध्ये ऑइलचा जो पापुद्रा असतो, गाडी त्याच्यावर चालते.

इंजिनाचं ऑइल सगळे बदलतात. दांडी काढून बघता येतं, काळं दिसतं, जीव घाबरतो. या गोळ्याला दांडी नाही. बघायचं तर खाली झोपावं लागतं, आणि खाली झोपतो तो मिस्त्री.

हेल्पर पुढच्या चाकांना दगड लावतो. जमिनीवर फ्लेक्स अंथरतो. कुणाच्या तरी वाढदिवसाचा, 'भावी' नंतरचं पद नेमकं फाटलेलं. शुभेच्छुकांच्या रांगेवर पाठ टेकून मिस्त्री आत सरकतात.

सकाळी ९.२५
नट दोन. एक तळाला, ऑइल सोडायचा. दुसरा बाजूला जरा वर, भरायचा. हेल्परचा हात सवयीने तळाच्या नटाकडे जातो.

"आधी वरचा."

याचं कारण मला पटकन कळलं नाही, मग कळलं. खालचं ऑइल सांडून बसलात आणि वरचा नट निघालाच नाही, तर गाडी भरताही येत नाही आणि हलवताही येत नाही. या धंद्यातलं बरंचसं शहाणपण असं, कामाच्या क्रमात असतं.

वरचा नट निघत नाही. चिखल आणि गंज. तारेच्या ब्रशने घासून झालं, डिझेलचे थेंब सोडून झाले, हातोडीने चार बाजूंनी ठोकून झालं. मग रिंग पाना, आणि पान्याच्या दांड्यावर दीड हात लांबीचा लोखंडी पाइप. मिस्त्री झोपल्या झोपल्या पाय स्प्रिंगच्या पाट्याला लावतात आणि ओढतात. पाना सटकतो, बोटाची सालं निघतात. "आयला." चिंधी गुंडाळून परत. चौथ्या की पाचव्या झटक्याला 'कट्' असा आवाज येतो. दोघेही हसतात.

सकाळी ९.५५
आता खालचा. चिरलेला पाच लिटरचा कॅन खाली सरकवतात. गाडी रात्रभर चालून आलेली, ऑइल अजून कोमट आहे. कोमट असलं की चांगलं सुटतं आणि तळाचा गाळही घेऊन येतं. नट सुटताच आधी नुसतं पाणी येतं, चहाचा अर्धा ग्लासभर. गाडी उभी राहिली तेवढ्यात ते खाली बसलं होतं. त्यामागून येतं ते करडं, फेसाळ, दुधाच्या कॉफीसारखं. गिअर ऑइल असं नसतं. नवं असताना मधाळ पिवळं, जुनं झालं की काळं. करडं झालं की आत पाणी घुसळलं गेलंय. वासही येतो, गंधकाचा, उग्र. तो वास ऑइलचा स्वतःचाच. दात घासत सरकतात म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घालावी लागतात. डब्यावर जीएल-५ लिहिलेलं असतं ते त्यासाठी. मिस्त्रींच्या घरी त्यांचे कपडे वेगळे धुतात.

नटाच्या टोकाला चुंबक आहे. त्यावर राखाडी लगदा जमलाय. मिस्त्री तो अंगठ्यावर घेऊन चोळतात. मऊ लगदा चालतो, दात झिजतातच. पण मग त्यांचं बोट थांबतं. तांदळाच्या दाण्याच्या अर्धी असेल, अशी एक चकाकती कणी. ते ती उजेडात धरतात, कागदात पुडी करतात आणि खिशात ठेवतात.

सकाळी १०.२०
ऑइल गळू द्यायचं. थेंब थांबेपर्यंत घाई नाही. मधल्या वेळात एका तीनचाकी टेम्पोची क्लचची केबल, एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची बेरिंग. चहा येतो, दहाचा एक.

सकाळी ११.००
पाणी आत गेलं कुठून? मिस्त्री मला वाकून बघायला लावतात. एक्सलच्या नळीवर, वरच्या अंगाला, बोटाच्या पेराएवढी एक टोपी. ब्रीदर. चालताना आतली हवा तापते, फुगते, इथून बाहेर जाते. थंड झाली की इथूनच आत येते. ही टोपी चिखलाने बुजलेली. आता तापलेला एक्सल फरशीवरच्या थंड पाण्यात बुडाला. आतली हवा आकसली. वरून वाट बंद, मग ती मिळेल तिथून ओढणार. पिनियनच्या सिलाच्या ओठाजवळून, चाकांकडच्या सिलांजवळून, आणि हवेऐवजी पाणी.

वीसेक रुपयांची वस्तू. हेल्पर ती काढतो, बारीक तार घालतो, डिझेलमध्ये बुडवून कॉम्प्रेसरची हवा मारतो. टोपी शिट्टी वाजवते. झालं.

सकाळी ११.३०
मागची दोन्ही चाकं जॅकने उचलून एक्सलखाली घोड्या लावतात. नुसत्या जॅकवर विसंबून मिस्त्री गाडीखाली जात नाहीत. तळाचा नट परत लावून वरच्या भोकातून लिटरभर डिझेल ओततात. गाडी गिअरमध्ये. हेल्पर उजवं चाक हाताने फिरवतो, तर डावं उलटं फिरतं. पुस्तकात आकृती असते, इथे डोळ्यांसमोर. मग न्यूट्रल करून दोघे दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरवत राहतात. क्राउन आत डिझेलमध्ये घुसळतो. इंजिन लावत नाहीत. डिझेलवर दात जोरात फिरवले तर होत्याचं नव्हतं होईल. सगळे मिस्त्री असं धुणं मानत नाहीत. पलीकडच्या शेडमधले म्हणतात, दोनदा नवं ऑइल टाका, डिझेल नको. यांचं म्हणणं, दोनदा ऑइलचे पैसे कोण देणार?

डिझेल सोडतात. करडं येतं. पुन्हा थोडं टाकतात. आता बऱ्यापैकी स्वच्छ. नट उघडाच ठेवून गाडी तशीच ठिबकत ठेवतात.

दुपारी १.१५
डबे उघडतात. भाकरी, मेथी, ठेचा. हात आधी डिझेलने, मग लाकडाच्या भुशात धुण्याची पावडर घालून. तरी नखांच्या कडा काळ्याच. गाडीवाला उठतो, समोरच्या हॉटेलातून मिसळ खाऊन येतो. मिस्त्री त्याला पुडी उघडून दाखवतात.

"हे काय?"
"दाताचा तुकडा."
"मग?"
"मग काय. उघडून बघायचं तर क्राउन-पिनियनचा सेट, बेरिंगा, सील, मजुरी. वीस हजार धर. गाडी तीन दिवस उभी."

गाडीवाला बाहेर पावसाकडे बघतो. हप्ता दहा तारखेला. टोमॅटोला सध्या भाव आहे, शेतकरी रोज तोडतोय. तीन दिवस गाडी उभी राहिली तर शेतकरी दुसरी बघणार, आणि तो एकदा दुसऱ्याकडे गेला की गेला.

"आज ऑइल टाका," तो म्हणतो.

दुपारी २.१०
हेल्पर मोटारसायकलवर ऑइल आणायला. दुकानात दोन प्रकार. ड्रमातलं सुटं, दोनशे चाळीस रुपये लिटर. सीलबंद डबा, तीनशे ऐंशी. फोन येतो, "कुठलं आणू?" गाडीवाला म्हणतो, सुटं. मिस्त्री फोन आपल्या हातात घेतात, "डबे आण. दोन. ऐंशी-नव्वद, जीएल-पाच बघून." गाडीवाला कुरकुरतो. दोनशे ऐंशीचा फरक. मला विचाराल तर ड्रमात नक्की काय आहे ते दुकानदारालाही माहीत नसावं. तांब्याचे दोन वायसरही येतात, दहा-दहाचे. जुना वायसर उलटा करून लावणारे असतात. हे नाहीत लावत.

दुपारी २.५०
घोड्या काढून गाडी खाली. भरताना चारी चाकं सपाटीवर हवीत, नाहीतर माप चुकतं. तळाचा नट नव्या वायसरसह आवळतात. पाइप न लावता, नुसत्या हाताच्या जोराने. भरायचं भोक आडवं, डबा तिथे उभा राहत नाही. मग दोन हात लांब पारदर्शक नळी, वरच्या टोकाला नरसाळं. हेल्पर हौद्याच्या बाजूने नरसाळं उंच धरतो, मिस्त्री खाली नळीचं टोक. ऑइल घट्ट, पावसाळी हवेत आणखी घट्ट. डबे आधी भट्टीजवळ ठेवून कोमट केलेत, तरी नळीतून ते आपल्या सवडीने उतरतं. हेल्परचा हात अवघडतो, तो हात बदलतो. पहिला डबा रिकामा व्हायला दहा मिनिटं लागतात. दुसरा निम्म्यावर उतरला की मिस्त्री सारखे करंगळी भोकात घालून बघतात. माप मोजायचं नाही. भोकाच्या कडेला ऑइल टेकलं, बारीक धार बाहेर आली, की गोळा भरला.

"बास."

डब्यात थोडं उरतं. ते गाडीवाल्याच्या सीटखाली जातं, त्याचे पैसे त्याने दिलेत.

दुपारी ३.४०
चक्कर. मिस्त्री चालवतात, गाडीवाला शेजारी, मी मागे हौद्यात क्रेट धरून. बाह्यवळणापर्यंत आणि परत. साठला नेतात, ॲक्सिलेटर सोडतात, परत देतात. आवाज नाही. गाडीवाला खूश. मिस्त्री नाहीत. "रिकामी आहे," एवढंच म्हणतात. परत आल्यावर खाली वाकून दोन्ही नट बोटाने पुसून बघतात. कोरडे. पिनियनच्या सिलाजवळ मात्र ओल आहे.

दुपारी ४.१०
हिशेब वहीत. ऑइल ७६०. वायसर २०. डिझेल ९०. मजुरी ३००. एकूण ११७०. सबंध दिवसात बोटाची सालं काढून आणि चिखलात झोपून तीनशे. गाडीवाला मोबाइलवरून हजार पाठवतो. स्पीकर मोठ्याने सांगतो, आले. १७० उधार.

"क्रेट किती भरतो?" मिस्त्री विचारतात.
"बसतील तेवढे."
एक क्रेट वीस किलोचा. हिशेब दोघांनाही येतो, कुणी करत नाही.
"दोन खेपा झाल्या की ये. ऑइल परत बघू. फरशीवर पाणी असलं तर थांब."
"थांबलो तर मार्केट चुकतं, मिस्त्री."

संध्याकाळी ५.४५
काळं तेल नेणारा येतो. त्याच्या टेम्पोत ड्रम. इंजिनाचं जळकं ऑइल तो लिटरमागे पैसे मोजून घेतो. २०१६च्या नियमांप्रमाणे हा घातक कचरा, नोंदणी असलेल्याकडेच जायला हवा. यातलं काही सेंट्रिंगच्या फळ्यांना फासलं जातं, हे त्यालाही ठाऊक आहे. काँक्रीट चिकटत नाही म्हणे. आजचं करडं ऑइल मात्र तो वास घेऊन मागे सारतो. "पाणी हाय." तो कॅन शेडच्या कोपऱ्यात, तसल्याच इतर कॅनांच्या रांगेत.

रात्री ७.३०
हेल्परचे साडेचारशे. वर पन्नास, मोटारसायकलच्या पेट्रोलचे. ताडपत्री ओढताना मिस्त्रींचा फोन वाजतो. गाडीवाला, आळेफाट्याहून.

"मिस्त्री, भरल्यावर परत हूं करती. पण कमी."
"किती स्पीडला?"
"पन्नासलाच."
"चाळीसनं जा. माळशेज कमी गिअरमध्ये उतर, ब्रेकवर उतरू नको. माल टाकला की सरळ इकडं ये."
"परवाचीबी खेप घेतलीय."

मिस्त्री काही बोलत नाहीत. फोन ठेवून वही परत उघडतात. १७०च्या खाली लिहितात: क्राउन-पिनियन सेट, पुण्यात भाव विचारणे.