एक सिलिंडर मारत नाही, मग कार्ब्युरेटरलाच का धरता?

दिल्लीत मलकागंजकडून हिंदूराव रुग्णालयाकडे चढताना राजदूत 350 खालच्या गिअरमध्येही रडायला लागली, तर दोनपैकी एक सिलिंडर मारत नाही अशी शंका घ्यायला हरकत नाही. ही गाडी परकी नव्हे. यामाहा आरडी 350 वरून एस्कॉर्ट्सने ती 1983 पासून बाजारात आणली, फरिदाबादच्या कारखान्यातून. 347 सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर.

आणि दोन कार्ब्युरेटर आहेत म्हणूनच पहिला आळ त्यांच्यावर येतो. ‘मिसिंग आहे? कार्ब्युरेटर साफ करा.’ अहो, आधी कोणता सिलिंडर मेलाय ते तरी बघा! थंड गाडी सुरू करून मिनिटभर चालू द्या आणि दोन्ही सायलेन्सरच्या बेंडवर, इंजिनाजवळ, पाण्याचा एकेक थेंब सोडा. एकीकडे तो चर्रकन उडून जाईल, दुसरीकडे नुसताच ओघळेल. ओघळला तो दोषी. चालू गाडीची प्लगकॅप उपटून बघायची सवय मात्र सोडा. झटका बसतो आणि करंटला जमिनीची वाट न मिळाल्याने कॉइलही जाऊ शकते. (येझदी 250 वर हा थेंबाचा प्रयोग करू नका. सायलेन्सर दोन असले तरी तिचा सिलिंडर एकच.)

‘प्लग बाहेर काढून पाहिला, करंट येतोय.’ हा सगळ्यांत फसवा पुरावा. मोकळ्या हवेत ठिणगी पडायला जेवढं व्होल्टेज लागतं, त्याहून कितीतरी जास्त सिलिंडरमधल्या दाबलेल्या मिश्रणात लागतं. बाहेर पिवळट, बारीक ठिणगी देणारी कॉइल आत गप्प बसते. या गाडीत दोन्ही सिलिंडरना पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल वेगवेगळे आहेत, आणि हीच तुमची सोय. चालणारा सिलिंडर हेच मोजमापाचं साधन. आधी फक्त प्लग अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर दुसरीकडे गेला, तर काम संपलं. नाही गेला, तर कॉइल बदलून पाहा, पण पॉइंटकडून येणारी वायर आणि प्लगची वायर दोन्ही फिरवा. एकच फिरवली तर ठिणगी भलत्या वेळी पडेल. एका वेळी एकच वस्तू हलवायची, हे पथ्य मोडलं की मग अंदाजपंचेच. गाडी थंड असताना ठीक आणि तापल्यावर मिसिंग, शिवाय पॉइंटवर निळसर ठिणग्या उडताना दिसल्या, तर कंडेन्सरवर संशय घ्या. बॅटरी केवळ लाइट-हॉर्नसाठी असते हेही खरं नाही. या गाडीचं इग्निशन बॅटरीवरच चालतं. पण बॅटरी उतरली की सहसा दोन्ही सिलिंडर कुरकुरतात.

काळा, ओला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, असं सरसकट धरतात. ठिणगी अशक्त असली तरी प्लग असाच निघतो. उजव्या सिलिंडरचा प्लग तेलकट असेल, त्याच बाजूने ढगासारखा धूर येत असेल आणि गिअरबॉक्समधलं ऑइल गुपचूप कमी होत असेल, तर कार्ब्युरेटर निर्दोष. क्लच उजवीकडे असतो. तिथलं क्रँकचं ऑइल सील गेलं की इंजिन गिअर ऑइलच ओढून जाळतं. डावीकडचं सील गेलं तर उलट बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि प्लग पांढरा पडतो. तशीच दामटली तर पिस्टनला भोक पडू शकतं.

कार्ब्युरेटर कधी दोषी? ठिणगी ठीक असेल आणि त्या बाजूला पेट्रोल पोचत नसेल तेव्हा. मिसिंग फक्त स्लोमध्ये असेल तर स्लो जेट, आणि पूर्ण रेसवरच असेल तर मेन जेट. एक स्लाइड दुसरीच्या आधी उचलत असेल तर जेट बदलून उपयोग नाही, केबल जुळवा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलचंही ध्यानात ठेवा: इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं, आणि जुन्या कार्ब्युरेटरला ते आपोआप सुधारता येत नाही. पण मग त्रास दोन्हीकडे दिसला पाहिजे, एकाच बाजूला नव्हे.

हे सगळं करून दोष तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन मोजा. गरम इंजिन, इग्निशन बंद, दोन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, काटा थांबेपर्यंत किक. नुसत्या आकड्यापेक्षा दोन बाजूंमधला फरक बघा. तो 10-15 टक्क्यांहून जास्त असेल तर करोलबागच्या नाईवाला गल्लीत नव्या जेटवर पैसे घालवू नका. ब्लॉक उतरवा आणि पिस्टन-रिंग बघा.