नेवाळीची धावपट्टी आणि धातूचे विमान

कल्याणहून हाजी मलंगकडे जाणाऱ्या मार्गावर, उल्हासनगर आणि अंबरनाथच्या वेशीलगत नेवाळी हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने या परिसरातील शेतजमिनी ताब्यात घेऊन तेथे विमानांसाठी धावपट्टी उभारली. भातशेतीच्या प्रदेशात एवढ्या विस्तीर्ण जागेची गरज का भासली, याचे उत्तर विमानाच्या जडणघडणीत झालेल्या एका बदलात दडलेले आहे.

पहिल्या महायुद्धापर्यंतची बहुतेक विमाने लाकडी सांगाड्यावर कापड ताणून तयार केली जात. ती वजनाला हलकी असत आणि कमी वेगात उतरत. त्यामुळे एखादे सपाट मैदान त्यांना पुरत असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला आणलेले 'पस मॉथ' हे विमान टपालासह एक टनाहूनही कमी वजनाचे होते. त्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असला तरी आवरण कापडाचेच होते. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात बुडे आणि टाटांच्या विमानसेवेला तेवढ्या काळापुरता पुण्यात मुक्काम हलवावा लागे.

लाकडाचे दोष मात्र लपणारे नव्हते. दमट हवेत लाकूड फुगते, सरस सुटतो, कापड सैल पडते. त्यावर जर्मन अभियंते ह्यूगो युंकर्स यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांचे 'जे १' हे पातळ पोलादी पत्र्याचे विमान डिसेंबर १९१५ मध्ये उडाले. ते इतके जड होते की त्याला 'पत्र्याचे गाढव' असे टोपणनाव मिळाले.

हा जडपणा कमी करण्याचा उपाय जर्मनीतच आधी सापडला होता. धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना १९०६ च्या सुमारास असे आढळले की, तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात थंड केले आणि काही दिवस तसेच ठेवले, तर ते आपोआप कठीण होते. हाच मिश्रधातू 'ड्युराल्युमिन' या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या नालीदार पत्र्यापासून बनवलेले युंकर्स यांचे 'एफ १३' हे प्रवासी विमान १९१९ मध्ये आकाशात झेपावले.

पुढचा टप्पा निर्णायक ठरला. पत्रा हे केवळ आवरण न राहता विमानावरील ताणाचा वाटा तोच उचलू लागला. त्यामुळे तारा आणि टेकूंची गरज संपली, हवेचा अवरोध घटला आणि वेग वाढला. १९३५ मध्ये उडालेले 'डग्लस डीसी-३', म्हणजेच पुढचे 'डकोटा', हे या परंपरेतील सर्वांत यशस्वी विमान होय. भारही मोठा वाढला होता. भरलेल्या डकोटाचे वजन अकरा टनांपेक्षा अधिक होते.

वजनाच्या मानाने पंख लहान झाल्याने अशी विमाने अधिक वेगाने उतरत, आणि त्यांची चाके ओल्या मैदानात रुतण्याचा धोका असे. परिणामी लांब, टणक धावपट्टी अपरिहार्य ठरली. भारतातही हा बदल वेगाने घडला. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी स्थापन झाली आणि १९४२ मध्ये तेथे जुळवलेले 'कर्टिस हॉक' हे धातूचे लढाऊ विमान उडाले. त्याच युद्धकाळात देशभर धावपट्ट्या उभ्या राहिल्या. नेवाळीची त्यांपैकीच एक.

युद्ध संपले. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव लाभले. नेवाळीच्या जमिनीचा प्रश्न मात्र सुटला नाही. युद्धानंतर जमीन परत मिळायला हवी होती, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. तर ती संरक्षण खात्याची आहे, ही सरकारी भूमिका. नौदलाने सुरू केलेल्या संरक्षक भिंतीच्या कामाविरुद्ध २२ जून २०१७ रोजी झालेल्या आंदोलनाला हिंसक वळण लागले. पोलीस आणि आंदोलक दोघेही जखमी झाले.

विमान धातूचे झाले तेव्हा आकाशातील अंतरे कमी झाली. त्या वेगासाठी लागलेली जमीन मात्र कोणाच्या तरी भातशेतीची होती, आणि तिचा हिशेब नेवाळीत युद्धानंतर सात दशके उलटूनही पुरा झाला नव्हता.