टायर अचानक फुटत नाही

वसंतातल्या व्यासपीठावर मोटारीच्या टायरविषयी बोलायचे म्हटल्यावर आमच्या काही मित्रांना हसू आले. लोक येथे संतवाङ्मय ऐकायला येतात, नाहीतर देशाचे अर्थकारण. पण आपल्या पारशिवनीतून कोलितमाऱ्याकडे जंगल पाहायला गाड्या जातात, कन्हानच्या खाणपट्ट्यातून कोळशाचे ट्रक निघतात, वऱ्हाडे भाड्याच्या जीपमधून नागपूर गाठतात. मोटारीच्या एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. चार चाकांचे चार तळहात, आणि त्यांवर सगळ्यांचे जीव. तेव्हा विषय अगदीच हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आम्ही सातवीनंतर शाळा सोडली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि गॅरेजच्या दारात झाले. टायरचा पहिला धडा आम्हांला एका हरलेल्या तंट्याने दिला. बऱ्याच वर्षांपूर्वी कोळशाच्या एका ट्रकचे पुढचे चाक फुटले, गाडी नाल्यात गेली, आणि मालकाने नुकसानीची रक्कम ड्रायव्हरच्या पगारातून कापायला सुरुवात केली. "टायर अचानक फुटला, त्यात याचा काय दोष?" असे आम्ही बैठकीत मोठ्या आवाजात विचारले. नंतर एका पंक्चरवाल्याने तो फाटका टायर उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, हा अचानक नाही फुटला. हा सहा महिन्यांपासून सांगत होता." नक्षी झिजून टायरचा गोटा झाला होता, बाजूतून दोरे दिसत होते. ड्रायव्हरने मालकाला दोनदा तोंडी सांगितले होते, पण कागदावर एक ओळ नव्हती. 'अचानक' हा शब्द वापरून आम्हीच मालकाला मोकळे केले होते!

'टायर फुटला' हे आपल्याकडे दैवाचे दुसरे नाव झाले आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. १ जुलै २०२३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालाने ते मानले नाही. त्या वादात आम्ही शिरत नाही. सांगायचे इतकेच की, टायरचे नाव निघाले की लोक पुढचा प्रश्न विचारीत नाहीत. तो टायर शेवटचा कोणी पाहिला होता, आणि केव्हा?

टायर फुटतो कसा, हे आधी समजून घेऊ. त्याच्या रबरात दोऱ्यांचे आणि पोलादी तारांचे थर असतात. भार पेलते ती मात्र आतली हवा. हवा कमी पडली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू वाजवीपेक्षा जास्त वाकते. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली तर ती तापते आणि शेवटी तुटते, तसाच हा प्रकार. त्यात विदर्भातला मे महिना, मोठा वेग, आणि पाचांच्या गाडीत आठ माणसे. उष्णता साठत जाते, थर एकमेकांपासून सुटतात, आणि मग आवाज होतो. उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी, असा एक समज रूढ आहे. तो उलटा आहे. कमी हवेनेच टायर अधिक तापतो.

म्हणून पहिले काम हवेचे. निदान पंधरा दिवसांनी, सकाळी, टायर थंड असताना ती मोजावी. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नव्हे.

दुसरे काम नक्षीचे. खाचांचे काम पावसाचे पाणी बाजूला सारून रबर रस्त्याला टेकवणे. गोटा झालेला टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक दाबूनही गाडी घसरत जाते. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. मोटारीच्या टायरमध्ये ते १.६ मिलिमीटर उंच असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलावा. झीज कोठे आहे तेही पाहावे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते आहे, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त, आणि एकच कड झिजली असेल तर चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे.

तिसरे काम, बाजूवरून हात फिरवण्याचे. फुगवटा लागला तर खड्ड्यात आपटून आतले दोरे तुटले असे समजावे. त्याला ठिगळ चालत नाही. भेगा दिसल्या तर वय पाहावे. बाजूवर चार आकडे असतात : १४२३ म्हणजे २०२३ सालचा चौदावा आठवडा. उभ्या गाडीचा टायरही ऊन खाऊन म्हातारा होतो. वर्षातून लग्नसराईतच निघणारी गाडी म्हणूनच फसवी. नक्षी नवी दिसते, रबर मेलेले असते.

राहिली स्टेपनी. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास हे जादा चाक तयार होऊ लागले, त्यावरून हे नाव. शब्द आपण घरचा केला, पण तिची हवा मोजायला विसरलो.

या साऱ्याला दहा मिनिटे लागतात. ती कोणी द्यायची? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम धोकादायक दोष असलेली गाडी चालवणाऱ्याला जबाबदार धरते, तसेच ती चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही. दोष ठाऊक नव्हता, एवढे म्हणून सुटका नाही. साधी काळजी घेतली असती तर तो कळला असता काय, असे कायदा विचारतो.

म्हणून आमच्या ड्रायव्हर बांधवांना आम्ही सांगतो : टायर पाहा, दोष वहीत लिहा, तारीख घाला आणि मालकाची सही घ्या. तोंडी तक्रार अपघातानंतर कोणाला आठवत नाही. मालकांना सांगतो : टायरचे पैसे वाचवून पगार कापणे हा व्यवहार नव्हे. आणि भाड्याची गाडी ठरवणाऱ्या आपणा सर्वांना विनंती अशी : बसण्यापूर्वी चार चाकांभोवती एक फेरी मारा. ड्रायव्हर म्हणाला, "टायर बदलून घेतो, अर्धा तास लागेल," तर मुहूर्त टळतो म्हणून त्याच्यावर ओरडू नका. तो अर्धा तास त्याने आपल्यासाठीच मागितलेला असतो.